ओनोदेरा आजोबांचं सुतक

उवाजिमा,
१८ नोव्हेंबर

काझुमा,

पत्राची सुरुवात ऋतूच्या वर्णनानं करावी असं मियोशी सरांनी शिकवलंय, म्हणून करतो. थंडी पडली, मासे महागले, संत्री गोड झाली. झालं वर्णन.

खोक्यात वर संत्री आहेत आणि खाली चाळीस जाकोतेन. चिनात्सुवहिनींना सांग, वड्या नुसत्या तव्यावर शेकायच्या, वरून तेल नको. गेल्या वर्षी तू म्हणे मायक्रोवेव्हमध्ये घातल्यास. तीन पिढ्या आम्ही माशाच्या वड्या तळतोय, कोणी आमचा असा अपमान केला नव्हता.

आता मुद्द्याचं. गेल्या चार सामन्यांत तू राखीव खेळाडूंच्या बाकावरही दिसला नाहीस. गुडघा, की तो नवा प्रशिक्षक? पस्तीस हे काही वय नाही. मीही पस्तीसचाच आहे आणि रोज पहाटे चारला उठून मासे साफ करतो. मला कोणी बाकावर बसवत नाही, बसायला मिळालं तर बरंच होईल.

आठवतं का, शाळेच्या संघात आपण दोघं सेंटर बॅक, मी डावीकडे, तू उजवीकडे, आणि सर बाहेरून मला ओरडायचे, ‘सेइके, तोंड बंद!’ आणि तुला, ‘ह्योदो, तोंड उघड!’ तोंड बंद ठेवणारा व्यावसायिक फुटबॉलपटू झाला आणि उघडं ठेवणारा दुकानदार. सतरा वर्षं झाली त्याला.

दुकानाच्या भिंतीवर तुझी सतरा नववर्षाची कार्डं ओळीनं लावलीत, दर वर्षी तू क्लबच्या जर्सीत, पाच क्लबांचे पाच रंग. गिऱ्हाइकं आतापासूनच विचारतायत, यंदा कुठला रंग? मी म्हटलं, तोच असेल, ताकाओकाचा निळा. बरोबर ना?

शूगो


ताकाओका,
३० नोव्हेंबर

शूगो,

इथं बर्फ पडायला लागलं. वड्या तव्यावरच शेकल्या, शपथ.

गुडघा ठीक आहे. पुढच्या वर्षाचं बोलणं चालू आहे. म्हणून एक विनंती, जानेवारी संपेपर्यंत मला फोन करू नकोस. कोणाचा फोन कधी येईल सांगता येत नाही, लाइन मोकळी हवी. एकाशी बोलताना दुसऱ्याचा फोन आला तर कळतं, हे मला माहीत आहे. तरी नको. पत्रच लिही, तुझी पत्रं वाचायला मजा येते आणि मध्येच तोडता येतात.

तीन दिवसांपूर्वी क्लबमधलं माझं कपाट आवरलं. बूट, पट्ट्या, अकरा टॉवेल सगळं घरी आणलं, धुवायला. अकरा टॉवेल माझ्याकडे कसे जमले कोण जाणे.

मियोशी सरांची तब्येत कशी आहे? संत्री उत्तम होती.

काझुमा


उवाजिमा,
१२ डिसेंबर

काझुमा,

काल पोस्टमननं करड्या किनारीचं कार्ड हातात ठेवलं आणि मी झारा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एक घाणा करपला. ‘यंदा आमच्या घरी सुतक असल्यामुळे नववर्षाच्या शुभेच्छा देण्याघेण्याची माफी असावी. पत्नीचे चुलत आजोबा ओनोदेरा फुकुमात्सु २७ नोव्हेंबर रोजी वयाच्या ९८व्या वर्षी निवर्तले.’

वाईट वाटलं. वहिनींना माझं आणि घरच्यांचं सांत्वन कळव. अठ्ठ्याण्णव म्हणजे सोन्यासारखं मरण, पण माणूस गेला की जातोच.

हे झालं रीतीचं. आता मला सांग, चुलत आजोबांसाठी सुतक पाळणारा माणूस तू कुठं पाहिलायस? आमच्याकडे सख्ख्या काकासाठीही कोणी पाळत नाही. आणि आजोबा गेले सत्तावीसला, तुझं पत्र तीस तारखेचं. त्यात अकरा टॉवेल आहेत, आजोबा नाहीत.

मी काही विचारत नाहीये. नुसतं लिहितोय.

बंदरावर एकतीस घरांत तुझं कार्ड आलंय. मासेमारी सोसायटीच्या हामादाकाकूंनी आजोबांपुढे लावायला उदबत्त्यांचा पुडा कालच पाठवला. जपून ठेव, बाकीचे येतायत.

शूगो


ताकाओका,
१६ डिसेंबर

शूगो,

पाच पुडे आले. घराला देवळाचा वास येतोय.

ओनोदेरा फुकुमात्सु नाहीत. म्हणजे कधीच नव्हते. हे फक्त तुला सांगतोय.

सत्तावीस तारखेला सकाळी क्लबनं बोलावलं. व्यवस्थापकांनी वाकून नमस्कार केला, तेव्हाच कळलं. नुसतं बोलायचं असतं तर ते इतके वाकले नसते. ‘पुढच्या वर्षीचा करार आम्ही देऊ शकत नाही.’ सात मिनिटं लागली. मग मी कपाट आवरलं.

घरी आलो तर टेबलावर कोरी नववर्षाची कार्डं. दोनशे बारा. कुठली जर्सी घालून फोटो काढू? कार्ड पाठवलंच नाही तर बंदरावर म्हणतील, पोरगा मोठा झाला, विसरला. आणि कार्ड न पाठवण्याचं इभ्रतीचं कारण आपल्याकडे एकच, घरी मृत्यू. मी छापखान्यात गेलो. त्यांच्या अर्जात मृताचं नाव, नातं आणि वय लिहावं लागतं. अठ्ठ्याण्णव लिहिलं, म्हणजे कोणाला फार दुःख व्हायला नको. चिनात्सु म्हणाली, ‘मारायलाही माझ्याच माहेरचा माणूस सापडला का? तुझ्या घरची माणसं काय कमी आहेत?’ दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, असल्या गोष्टी लिहिणं अशुभ असतं.

मला आणखी एक वर्ष हवंय, शूगो. एकच. बाकाच्या टोकाला बसून असलं तरी चालेल. आठवड्यापूर्वी चाचणीला गेलो होतो. माझ्यासारखे सुटलेले साठ जण, छातीवर आकडे, स्टँडमध्ये वह्या घेऊन बसलेली माणसं. मी अठ्ठावन्न नंबर. एक पोरगा चेंडू घेऊन माझ्या बाजूनं गेला. मला वाटलं मी त्याला अडवला, मागं वळून बघतो तर जाळं हलतंय. तरी चार लांब पास चांगले दिले. कोणीतरी पाहिले असतील.

कोणाला बोलू नकोस. सरांना तर मुळीच नको. त्यांनी मला खोटं बोलायला शिकवलं नाही, ते मी आपलं आपण शिकलो.

काझुमा


उवाजिमा,
२३ डिसेंबर

काझुमा,

झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्याकडून शब्द बाहेर पडणार नाही. तोंडात वडी कोंबून ठेवीन.

पण तुझे आजोबा इथं फारच लोकप्रिय झालेत. हामादाकाकू काल दुकानात सांगत होत्या, ‘काझुमाच्या लग्नात ते गायले होते ना, उंच, जरासे वाकलेले? काय गोड आवाज!’ पाच बायका मान डोलावत होत्या. मी वड्या मोजत होतो, तीनदा चुकलो. तेलाचं दुकान चालवणारे ओगावा म्हणाले, त्यांच्याबरोबर आपण साकेही प्यायलो. मी विचारलं, कसे होते स्वभावानं? म्हणाले, कमी बोलायचे. तेवढं मात्र खरं असणार.

सरांनाही कार्ड मिळालं. ते आले, दोन वड्या घेतल्या, म्हणाले, ‘सत्तावीस नोव्हेंबर. हं.’ आणि गेले. त्या ‘हं’नं माझी झोप गेलीय.

तुझं एक वर्ष तुला मिळेल. का मिळणार नाही? चार लांब पास. मी तर सगळ्या आयुष्यात तीनच दिले, त्यातला एक तुझ्या डोक्यावर आपटला.

नववर्ष बरं जावो, असं सुतक असलेल्या घराला म्हणायचं नसतं. म्हणून म्हणत नाही.

शूगो


उवाजिमा,
५ जानेवारी (जलद टपाल)

काझुमा,

धावतपळत लिहितोय. सर निघालेत. आठ तारखेला पहाटेच्या गाडीनं, दोनदा का तीनदा गाडी बदलून, ब्याऐंशीव्या वर्षी. ‘आजोबांपुढे उदबत्ती लावून यायला हवं,’ म्हणतात. मी म्हटलं, सर, बर्फ आहे. ते म्हणाले, बर्फ मी पाहिलंय. मी म्हटलं, सर, नुसते चुलत आजोबा. ते म्हणाले, चुलत असले म्हणून काय झालं.

काळा सूट इस्त्रीला टाकलाय. आता पळायला जागा नाही. काहीतरी आजोबा तयार ठेव.

शूगो


ताकाओका,
१० जानेवारी

शूगो,

येऊन गेले.

चिनात्सुनं कपाटावर पांढरं कापड घालून छोटा देव्हारा मांडला. धूपदाणी, पाणी, तुमची संत्री. फोटो नव्हता. ती म्हणाली, ‘माहेरी आहे म्हणून सांगते. पण हे शेवटचं खोटं, पुढचं तुझं तू बोल.’

सर काळ्या सुटात, काळा टाय, हातात जपमाळ. स्टेशनवरून चालत आलेले, पायाशी बर्फ. मी टॅक्सीचं म्हटलं तर म्हणाले, सुतकाच्या घरी घाईनं जात नाहीत. देव्हाऱ्यापुढे बसले, उदबत्ती लावली, हात जोडून इतका वेळ बसून राहिले की माझे पाय बधिर झाले. मग न वळताच त्यांनी विचारलं,

‘फुकुमात्सुसाहेब कुठल्या जागी खेळायचे?’

चिनात्सु चहा ओतता ओतता थांबली.

‘सेंटर बॅक,’ मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

‘किती वर्षं?’

‘सतरा.’

‘हं. म्हणजे तसे अल्पायुषीच.’

मग ते वळले. त्यांनी अठ्ठावीस नोव्हेंबरलाच वाचलं होतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळी. ह्योदो काझुमा, बचावपटू, करार समाप्त. म्हणाले, ‘खेळाडू सुटला की ते छापून येतं, एवढं तुला सतरा वर्षांत कळलं नाही? बंदरावर सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर तुझं कार्ड आलं. पोरगा सुतक आहे म्हणतो तर असेल, असं ठरलं, आणि सगळ्यांनी उदबत्त्या घेतल्या.’

सव्वीस पुडे आलेत, शूगो. मला वाटत होतं मी एकतीस घरांना फसवलं. आणि ती सगळी घरं माझंच सुतक पाळत होती.

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. जेवताना तीन वाट्या भात खाल्ला आणि म्हणाले, ‘सुतक पाळायचं तर नीट पाळ. सत्तावीसपासून मोज. चौदा जानेवारीला एकोणपन्नासावा दिवस. तोवर रड, फोनची वाट बघ, मी काही म्हणणार नाही. चौदाला सुतक फिटलं. त्या दिवशी ज्या ज्या माणसाला खोटं लिहिलंस, त्याला खरं लिही.’

मी म्हटलं, आणि त्यानंतर फोन आला तर?

‘तर तुझा तू बघ. मी फक्त उदबत्ती लावायला आलो होतो.’

आता तू सांग. तूही वाचलं होतंस ना? माझं गुपित पोटात ठेवण्याची शपथ घेत होतास तेव्हा?

काझुमा


उवाजिमा,
१२ जानेवारी (जलद टपाल)

काझुमा,

वाचलं होतं. अठ्ठावीसला, सकाळी सहा वाजता, मासे गुंडाळता गुंडाळता. सोसायटीच्या फळ्यावर कोणीतरी ते कात्रण लावलं होतं, हामादाकाकूंनी काढून टाकलं. ‘तो स्वतः सांगेल तेव्हा आपल्याला कळेल,’ म्हणाल्या. मग आम्हाला कोणाला काही कळलं नाही.

चिड माझ्यावर, चालेल. तू आजोबा म्हणालास, आम्ही आजोबा म्हणालो. तू सोळाला खरं लिहिलंस तेव्हा ‘मला माहीत होतं’ असं लिहायला पेन उचललं होतं. मग वाटलं, या माणसानं दोनशे बारा जणांत मला एकट्याला सांगितलंय. ते त्याच्याकडून का काढून घ्या?

आता माझं ऐक, कारण हे मी तोंडानं कधी बोलणार नाही. अठ्ठावीसला मी दुकान बंद ठेवलं. भट्टी बिघडली असं सांगितलं. भट्टीला काही झालं नव्हतं. मी मागच्या खोलीत पोत्यांवर बसलो होतो. तू तिकडे खेळत होतास तोवर मीही डावीकडे थोडा थोडा खेळतच होतो रे. रविवारी तू चेंडू डोक्यानं परतवलास की इथं माझी मान हलायची, गिऱ्हाइकं हसायची. तर माझाही करार त्या दिवशी संपला, आणि मला कोणी वाकून नमस्कारसुद्धा केला नाही.

सर सांगतात ते कर किंवा करू नकोस. एक वर्ष मिळालं तर घे. पण जे काय आहे ते आता सरळ सांग बाबा, उदबत्त्या परवडत नाहीत लोकांना.

हामादाकाकूंना मात्र आजोबांविषयी लिहिताना जरा जपून. बाकीचे नाटक करत होते. काकूंना ते गाणं खरंच आठवतंय.

शूगो


ताकाओका,
१६ जानेवारी

शूगो,

चौदाला मी लिहिलं. अशा वेळी सुतक असलेली माणसं थंडीची विचारपूस करणारं कार्ड पाठवतात, तेच घेतलं. छापलं नाही, दोनशे बाराच्या दोनशे बारा हातानं. चिनात्सुनं पत्ते घातले. तुझं कार्ड दोन दिवसांत येईल, तरी मजकूर इथंच देतो :

‘थंडी कडक आहे, बरे आहात ना? आमच्या घरी कोणी वारलेलं नाही. ओनोदेरा फुकुमात्सु नावाचे आजोबा नव्हते. सत्तावीस नोव्हेंबरला क्लबनं माझा करार संपवला आणि ते सांगायची मला लाज वाटली. सतरा हंगाम, चारशे अकरा सामने, नऊ गोल, शिवाय दोन आपल्याच जाळ्यात. आज मी खेळणं थांबवतो आहे. उदबत्त्यांबद्दल मनापासून आभार.’

(हामादाकाकूंच्या कार्डात आजोबांची ओळ गाळली.)

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. मावेनात, चार खेपांत कोंबली.

काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

क्युशूचा क्लब, तिसरा विभाग. सरावात त्यांच्या सेंटर बॅकचा गुडघा गेला. जूनपर्यंत करार, पुढचं पुढे. कोणीतरी ते चार लांब पास पाहिले होते, शूगो. दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं. मी स्वयंपाकघरात उडी मारली, डोकं दिव्याला लागलं. चिनात्सु हसली, मग रडली, मग म्हणाली, ‘आणि ती कार्डं?’

मी तसाच चपला घालून बर्फातून पेटीकडे पळालो. पेटी रिकामी करून गाडी गेलेली. तिथून मोठ्या पोस्टात. खिडकीवर चष्मा लावलेल्या बाई होत्या. म्हणाल्या, ‘टाकलेली पत्रं परत मागता येतात. थैली अजून इथंच आहे, शोधावं लागेल, पण मिळतील.’ त्यांनी अर्ज दिला. नाव, पत्ता, किती पत्रं, कुठल्या पेटीत. भराभर भरलं. शेवटचा रकाना, परत मागण्याचं कारण.

मी लिहिलं, ‘मजकूर चुकी…’ आणि पेन पुढे जाईना.

मजकुरात चूक कुठे होती? महिन्याभरापूर्वी याच माणसांना मी दोनशे बारा कार्डं पाठवली, त्यात आजोबांच्या नावापासून वयापर्यंत एक अक्षर खरं नव्हतं, तेव्हा मी काही परत मागायला आलो नाही. आता शब्दन्‌शब्द खरा, तर मी चपला घालून रांगेत. मागचा माणूस खाकरला. आणि मला जाणवलं की मला भीती वाटतेय, बाई खरंच ती कार्डं शोधून माझ्या हातात देतील याची. सतरा वर्षांत मी पुढच्या माणसाचं पाऊल बघून तो कुठे जाणार ते ओळखलं. माझं स्वतःचं पाऊल काल पहिल्यांदा ओळखलं.

रांगेतून बाजूला झालो आणि तिथूनच क्युशूला फोन लावला. म्हटलं, माफ करा, मी काल निवृत्त झालो. पलीकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, ‘अरेरे, एका दिवसानं चुकलो आम्ही.’ मी म्हटलं, चाचणीत बावीस नंबरचा पोरगा होता, डावखुरा, माझ्याहून वेगवान, त्याला विचारा. त्यांनी नाव लिहून घेतलं.

खूप वाईट वाटलं, शूगो. खोटं का लिहू, तिथंच रडलो. आणि खूप बरंही वाटलं, तेही त्याच वेळी.

बाईंनी अर्धा भरलेला अर्ज परत घेतला, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘गाडी अडीचला निघते. तोवर मन बदललं तर या.’

मी समोरच्या बाकावर बसून राहिलो. अडीचला मागच्या दारानं लाल गाडी बाहेर पडली. मी उठून रस्त्यावर आलो आणि ती वळेपर्यंत कमरेत वाकून नमस्कार केला, सामना संपल्यावर मैदानाला करतो तसा.

काझुमा